स्पोर्ट्स मोटारीचे ब्रेक : मोठी तबकडी कशासाठीं?



जन्मांत कधीं मोटारीच्या स्टिअरिंगला हात न लावलेल्या माणसानें ब्रेकांविषयीं बोलावें, हें कित्येकांना विनोदाचें वाटेल. परंतु तीस वर्षें मीं शाळेंत पास्कलचा नियम आणि उष्णतेचें प्रकरण शिकविलें, आणि ज्यांना तें शिकविलें त्यांपैकीं एक विद्यार्थी आज जर्मनींत श्टुटगार्ट येथें नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यानें मला एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला जें सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

त्याच्यापाशीं माझदा कंपनीची एमएक्स-५ या नांवाची, दोन आसनांची व उघड्या टपाची लहानशी स्पोर्ट्स मोटार आहे. ही जात १९८९ सालीं प्रथम जगापुढें आली. त्याची गाडी १९९५ सालची, म्हणजे वयानें जुनी पण अंगानें हलकी. आंतील माणसांसह सुमारें ११०० किलो धरावी. सुटीच्या दिवशीं ती घेऊन तो नुर्बुर्गरिंगला जातो. जर्मनीच्या पश्चिम भागांत आयफेल नांवाचे डोंगर आहेत; त्यांतून १९२७ सालीं हा शर्यतीचा रस्ता बांधला गेला. त्याचा उत्तरेकडील वळसा सुमारें २०.८ किलोमीटर लांबीचा असून, ठराविक दिवशीं शुल्क भरून कोणासही आपली गाडी त्यावरून नेतां येते. वळशाच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल जागांमध्यें सुमारें ३०० मीटरांचा फरक आहे. सखल जागा म्हणजे ब्राइडशाइड गांवाजवळचा पूल. तिकडे जातांना रस्ता उतरतो, वळतो, पुन्हां उतरतो, आणि दर वळणापाशीं ब्रेक मागतो.

त्या दिवशीं दुसऱ्या फेरींत, पुलाकडे उतरतांना, त्यानें ब्रेकच्या पेडलवर पाय दिला आणि चिखलांत पाय रुतावा तसें पेडल तळाशीं गेलें. गाडी थांबावयाचें नांव घेईना. दोनतीनदां भराभर दाबल्यावर थोडासा जोर आला. त्यानें खालचा गिअर टाकला. आणि सुदैव असें कीं, तो पूल ओलांडतांच रस्ता चढूं लागतो. त्या चढानें गाडी सांवरली. शेजारच्या आसनावर त्याची पत्नी होती. तिनें तेथें अवाक्षरही काढलें नाहीं. घरीं आल्यावर मात्र एवढेंच सांगितलें कीं, एक तर ब्रेक बदलावे, नाहीं तर गाडी विकावी.

मग मला त्याचा फोन आला. “गुरुजी, बाजारांत मोठ्या तबकड्या आणि चार चार दट्ट्यांचे कॅलिपर मिळतात. किंमत माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढी आहे. पण ते बसविले म्हणजे गाडी लवकर थांबेल ना?”

मीं उत्तर दिलें, “लवकर थांबणार नाहीं. तरीही कदाचित् ते घेण्यासारखे असतील. पण आधीं तुझें पेडल कां बुडालें तें पाहूं.”

आतां हें उत्तर उलटसुलट वाटतें खरें. तें उलगडण्यासाठीं प्रथम यंत्र काय आहे तें थोडक्यांत सांगतों. चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक जाड तबकडी असते. तिला कारागीर डिस्क किंवा रोटर म्हणतात. तिच्या कडेवर चिमट्यासारखा एक ठोकळा बसविलेला असतो, तो कॅलिपर. कॅलिपरच्या पोटांत दट्टे, आणि दट्टे व तबकडी यांच्या मध्यें घर्षणाचे पॅड. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलावर दाब येतो, तो पास्कलच्या नियमाप्रमाणें नळ्यांतून चाकांपर्यंत पोंचतो, दट्टे पुढें सरकतात, आणि पॅड तबकडीला दोन्ही अंगांनीं आवळतात. सायकलच्या रिमवर रबराचे गट्टू आवळतात, त्यांतलाच हा प्रकार.

कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. पण पुढें सुमारें पन्नास वर्षें मोटारींवर राज्य केलें तें ड्रम ब्रेकांनीं. ड्रमचा दोष असा कीं, तापला म्हणजे तो फुगतो व आंतल्या लायनरपासून दूर जातो. शिवाय आंतल्या उष्णतेला बाहेर पडावयास वाट नसते. तबकडीचें याच्या उलट. ती तापून जाड झालीच तर पॅडकडे येते, आणि तिचीं दोन्ही अंगें वाऱ्यावर उघडीं असतात. १९५३ सालीं फ्रान्समध्यें ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वार कंपनीच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या, आणि टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन या जोडीनें ती शर्यत जिंकली. त्या शर्यतीची सरासरी ताशीं १०० मैलांच्या वर गेली ती त्याच वर्षीं प्रथम. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटीं ड्रमवाले प्रतिस्पर्धी जेथें ब्रेक दाबूं लागत, त्याच्याही पुढें जाऊन जॅग्वारचे चालक दाबीत, आणि चोवीस तास उलटत आले तरी तसेच दाबूं शकत. ‘चोवीस तास’ हे शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. दोन वर्षांनीं, १९५५ सालीं, मर्सिडीझनें आपल्या ड्रमवाल्या गाडीच्या पाठीवर वारा अडविणारी एक भली मोठी फळी उभी राहील अशी योजना केली होती. ती याच अडचणीपोटीं.

अडचण कोणती? उष्णतेची. धांवत्या गाडींत सांठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. ब्रेक ही ऊर्जा नाहींशी करीत नाहींत. ते तिची उष्णता करतात. म्हणून ब्रेक ही एक शेगडीच आहे, असें मी वर्गांत सांगत असें. हिशोब करून पाहा. ११०० किलोची गाडी ताशीं १५० किलोमीटर वेगानें धांवत असली, तर तिच्यांत सुमारें ९ लाख ५५ हजार जूल ऊर्जा असते. इतक्या उष्णतेनें २५ अंशांचें तीन लिटर पाणी उकळीपर्यंत येतें. आपल्या स्वयंपाकघरांत त्यास किती वेळ लागतो तें गृहिणींना विचारा. ब्रेकांना त्यासाठीं चार-साडेचार सेकंद मिळतात. वेग ७५ असता तर पाऊण लिटर पाण्यावर भागलें असतें.

त्यांत उताराची भर. तीच गाडी ३०० मीटर खालीं उतरली, तर सुमारें ३२ लाख जूल, म्हणजे आणखी दहा लिटर पाण्याची उकळी. यांतील कांहीं वाटा वाऱ्याच्या अडथळ्यांत आणि इंजिनांत जातो. उरलेला ब्रेकांच्या माथीं. माझ्या या विद्यार्थ्याचे वडील एस. टी. चे चालक होते व बोरघाटांतून त्यांनीं वर्षानुवर्षें गाडी नेली-आणली. ज्या गिअरांत घाट चढावयाचा त्याच गिअरांत तो उतरावयाचा, हा त्यांचा नेम होता. पास्कल किंवा जूल त्यांच्या कानांवरूनही गेले नसतील. पण उताराची उष्णता ब्रेकांवर न टाकतां इंजिनावर टाकावी, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

आतां मोठी तबकडी काय करते तें पाहूं. ब्रेक लागतांच गाडीचें नाक खालीं दबतें, भार पुढच्या चाकांवर येतो, आणि अशा गाडींत ब्रेकांच्या कामाचा सुमारें ७० टक्के वांटा पुढच्या दोन तबकड्यांवर पडतो. १५० वरून ६० वर वेग आणला, तर पुढच्या एकेका तबकडीच्या वांट्यास सुमारें २ लाख ८० हजार जूल येतात. बिडाला तापविण्यास पाण्याच्या सुमारें एक-नवमांशच उष्णता पुरते. तबकडी ५ किलोची धरली, तर एका दाबण्यांत ती सुमारें १२० अंशांनीं तापेल. ७ किलोची धरली तर ८५ अंशांनीं. एकदांच ब्रेक दाबावयाचा असेल तर हा फरक कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. पण लागोपाठ पांच वळणें आलीं आणि मध्यें निवावयास वेळच मिळाला नाहीं असें घटकाभर मानलें, तर एक तबकडी ६०० अंशांनीं चढते व दुसरी ४२५ अंशांनीं. लोखंड सुमारें ५२५ अंशांवर अंधारांत तांबूस दिसूं लागतें. रात्रीच्या शर्यतींत चाकांच्या आंत ज्या लाल चकत्या चमकतांना दिसतात त्या याच. शिवाय मोठ्या तबकडीचा पृष्ठभाग अधिक, आणि ती मधून पोकळ व पडद्यांची असली तर पंख्याप्रमाणें मध्यांतून वारा ओढून कडेनें बाहेर फेंकते. म्हणून ती निवतेही लवकर. ल मां येथील चोवीस तासांचें मर्म हेंच होय. पहिल्या वळणावर जे ब्रेक लागले तेच शंभराव्या वळणावर लागावे, यासाठीं मोठी तबकडी.

मग पहिल्याच खेपेस गाडी लवकर कां थांबूं नये? कारण ब्रेक थांबवितो तें चाक. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीनें. ही पकड फार तर गाडीच्या वजनाएवढी धरली, तर ताशीं १०० किलोमीटरांवरून थांबण्यास सुमारें ४० मीटर लागतात. हें गणित मांडून पाहा; त्यांत तबकडीचा व्यास कोठेंही येत नाहीं, दट्ट्यांची संख्या येत नाहीं, गाडीचें वजनसुद्धां दोन्हीकडून छेदलें जातें. जुने ब्रेक चाक जखडून टायर घसरवूं शकत असतील, तर त्याहून अधिक आवळणारे ब्रेक लावून चाक अधिक जखडणार कसें? चांगला टायर चार पावलें वांचवील. मोठा कॅलिपर वांचवणार नाहीं. दुकानाच्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा छापलेली नसते.

दट्ट्यांविषयीं तर फारच भ्रम आहे. चार दट्टे म्हणजे चौपट जोर, असें पुष्कळांना वाटतें. साध्या गाडीचा कॅलिपर तरता असतो. त्याच्या एकाच अंगास दट्ट्या असतो, आणि तो एक पॅड ढकलतांना कॅलिपरचें सारें शरीर मागें सरकून पलीकडचा पॅडही ओढतो. म्हणून तुलना करावयाची ती एका अंगाच्या क्षेत्रफळाची. ५० मिलिमीटर व्यासाच्या एका दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें १९६० चौरस मिलिमीटर. ३६ मिलिमीटरांच्या दोन दट्ट्यांचें सुमारें २०४०. म्हणजे चार दट्ट्यांच्या त्या देखण्या, तांबड्या रंगाच्या कॅलिपरचा जोर जुन्याएवढाच! फायदा आहे तो वेगळा: पॅड लांब असतात, ते सर्वत्र सारखे दाबले जातात, कॅलिपर ताठ असल्यानें पायाखालीं पेडल घट्ट लागतें. तेंच दट्टे ४२ मिलिमीटरांचे घेतले, तर क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनीं वाढेल. पण तितकेंच अधिक ऑइल मास्टर सिलिंडरला ढकलावें लागेल, आणि पेडल लांबवर जाईल. पास्कलच्या व्यवहारांत फुकट कांहीं मिळत नाहीं. जोरांत जें मिळवावें तें अंतरांत मोजावें लागतें. तबकडीचा व्यास वाढला म्हणजे जोर वाढतो तो दुसऱ्या न्यायानें: दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडीजवळ ढकलून पाहा. पॅडांचा दाब मध्यापासून १०० मिलिमीटरांऐवजीं ११० वर पडला, तर त्याच दाबाला दहा टक्के अधिक फळ येतें.

येथेंच मोठा धोका आहे, आणि माझा विद्यार्थी त्यांत सांपडणार होता. तो केवळ पुढच्या चाकांचे ब्रेक मोठे करणार होता. पुढच्या व मागच्या ब्रेकांचें प्रमाण कारखान्यानें तोलून ठरविलेलें असतें. एकट्या पुढच्यांचा जोर फार वाढविला, तर पुढचे टायर आधींच घसरूं लागतात, मागच्यांची पकड वापराविना पडून राहते, आणि गाडी पूर्वींपेक्षां अधिक अंतरावर थांबते. पैसे देऊन थांबण्याचें अंतर वाढवून घेण्याची ही तऱ्हा! उलट मागच्यांचा जोर प्रमाणाबाहेर वाढला, तर मागचीं चाकें आधीं जखडतात आणि गाडी गरकन् फिरते; तें त्याहून वाईट. ज्या अर्वाचीन गाड्यांत चाक जखडूं न देणारी एबीएसची योजना असते, तिचा हिशोबही मूळच्या ब्रेकांवर बसविलेला असतो.

आतां त्याच्या पेडलाचें काय झालें होतें तें सांगतों. मीं त्याला विचारलें, “पेडल घट्ट राहून गाडी थांबेना, कीं पेडलच मऊ होऊन बुडालें?” हे दोन निरनिराळे रोग आहेत. पहिल्यांत पॅड जळतो. त्याच्या अंगांतील बांधणीचीं द्रव्यें तापून वायु सोडतात आणि घर्षण नाहींसें होतें, पण पेडल दगडासारखें राहतें. दुसऱ्यांत ब्रेक ऑइल उकळतें. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत पोंचवितो. वाफ मात्र खुशाल दाबली जाते. नळींत वाफेचे बुडबुडे झाले कीं पाय त्यांनाच चेंगरीत बसतो. त्याचें पेडल बुडालें होतें. “ऑइल केव्हां बदललेंस?” या प्रश्नावर बराच वेळ उत्तर आलें नाहीं. मग तो म्हणाला, “गुरुजी, गाडी घेतल्यापासून बदललेलें नाहीं.” गाडी घेऊन चार वर्षें झालीं होतीं.

हें ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. त्याच्या गाडींत जें डॉट ४ प्रतीचें ऑइल लागतें, तें नवें असतांना निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत सुमारें साडेतीन टक्के पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ७५ अंशांचा हा फरक कोणत्याही तबकडीच्या किमतीपुढें कवडीमोल पैशांत भरून निघतो. डॉट ५.१ घेतलें तर नवें असतांना २६० व पाणी मुरल्यावर १८०. डॉट ५ मात्र सिलिकोनचें असून तें या जातींत मिसळतां येत नाहीं. आंकडा जवळचा म्हणून फसूं नये.

तेव्हां पहिल्या महिन्यांत त्यानें ऑइल बदललें, अधिक उष्णता सोसणारे पॅड घातले, आणि पुढच्या तबकड्यांच्या मध्यावर वारा नेणाऱ्या दोन नळ्या बसविल्या. एवढ्यावर एक फेरी निर्वेध झाली. दुसऱ्या फेरीच्या शेवटीं पॅड जळल्याचा वास येऊं लागला. म्हणजे आतां तबकडीच खरोखर अपुरी पडत होती, आणि आतां ती मोठी करण्यास कारण होतें.

त्यानें तो पगारभर किमतीचा संच घेतला नाहीं. एमएक्स-५ च्या पहिल्या, १६०० घन सेंटिमीटरांच्या गाडीस पुढें २३५ मिलिमीटरांची तबकडी होती. १८०० च्या गाडीस, म्हणजे त्याच्या गाडीस, २५५ ची. आणि २००१ सालापासून दुसऱ्या पिढीच्या कांहीं नमुन्यांस २७० ची, जिच्याबरोबर मागची तबकडीही मोठी येते. हे भाग जुन्या गाडीस बसतात. त्यानें मोडीत निघालेल्या गाडीचे पुढचे व मागचे असे दोन्ही घेतले, कॅलिपरांचीं रबरें नवीं घातलीं, तबकड्या मात्र कोऱ्या घेतल्या. कारखान्यानेंच जुळविलेली जोडी असल्यानें पुढच्यामागच्या तोलाचा प्रश्न बराचसा सुटला. जर्मनींत असा बदल तपासनिसाकडून पास करून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो, तेंही त्यानें केलें.

बसवितांना आलेल्या अडचणी ऐकण्यासारख्या आहेत. जुन्या १४ इंची रिमांत मोठा कॅलिपर मावेना. १५ इंची रिमा घ्याव्या लागल्या. त्या घेण्यापूर्वीं मीं त्याला पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून रिमेंत फिरवून पाहावयास सांगितलें होतें. कंपास व पुठ्ठा यांवर माझी श्रद्धा आहे, आणि आऱ्यांशीं व पाळीशीं दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा राहते कीं नाहीं, तें याहून स्वस्तांत कळत नाहीं. दुसरी गोष्ट हवा काढण्याची. कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल होऊनही बसूं शकतो. मग हवा काढण्याचा निपल वर येण्याऐवजीं खालीं जातो, आणि वर अडकलेला बुडबुडा कितीही पेडल मारलें तरी निघत नाहीं. त्याच्या मित्राच्या गाडीवर एका कारागिरानें हीच चूक केली होती. वांकड्या पडद्यांच्या तबकड्यांसही डावें-उजवें असतें. पडदे फिरण्याच्या दिशेच्या मागें झुकलेले हवेत, तरच वारा नीट बाहेर फेंकला जातो. भोंकें पाडलेल्या तबकड्या त्याला आवडल्या होत्या, पण तापून निवतांना भोंकांच्या कांठांशीं चिरा पडूं लागतात, म्हणून मीं नको म्हटलें.

नवे पॅड व नवी तबकडी यांची ओळख करून द्यावी लागते, हेंही सांगितलें पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठदहा वेळां, पुरतें न थांबतां, हळूहळू वाढत्या जोरानें ब्रेक लावावे, आणि मग ब्रेकांवर पाय न ठेवतां गाडी चालवून निवूं द्यावी. पॅडाचा एक पातळ, सारखा थर तबकडीवर बसतो. तापल्या ब्रेकांवर पाय दाबून उभें राहिलें, तर एकाच जागीं डाग बसतो आणि पुढें पेडल थरथरतें.

गेल्या उन्हाळ्यांत तो लागोपाठ तीन फेऱ्या करून आला. पुलाकडील उतारावर तिन्ही वेळां पेडल एकाच उंचीवर लागलें, असें त्यानें कळविलें. तिसऱ्या फेरींत पत्नीही बरोबर होती. त्याच्या वडिलांना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, उतारावर गिअर कोणता होता. तो तिसरा होता, असें मागाहून कळलें, आणि म्हातारबोवांना तें पसंत पडलें नाहीं. आतां चिरंजीवांचा नवा प्रश्न टायरांविषयीं आला आहे. त्याचें उत्तर मीं अजून पाठविलेलें नाहीं.